वाऱ्याआडची घळ

आमच्या घरात रविवार हा बोलण्याचा वार होता. बाकीचे सहा दिवस आम्ही दोघं, म्हणजे बाबा आणि मी, लागेल तेवढंच बोलायचो. दूध संपलंय, हीटर बंद कर, आज मी ऑन कॉल आहे. भांडण वगैरे काही नव्हतं. आई पुण्याला गेली होती, एवढंच. आजीचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती 'दोन महिन्यांत येते' असं सांगून गेली, आजी अंथरुणाला खिळली, आणि ते दोन महिने लांबत लांबत दुसरा हिवाळा उजाडला. घरात बोलणं सुरू करायचं खातं आईकडे होतं. ती गेल्यावर आम्हा दोघांनाही ते जमेना. बाबा पेपरमागे बसत, मी अभ्यासामागे, आणि मधल्या टेबलावर खिचडी गार होत असे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं ते एक लहानसं गाव. ग्लासगोहून गाडीने निघालं की दुकानं आधी विरळ होत जातात, मग झाडं, आणि शेवटी माणसं, तिथे आम्ही राहत होतो. बाबा तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. त्यांचे पेशंट एक तर झोपायच्या बेतात असत, नाही तर नुकते उठलेले, त्यामुळे दिवसभर त्यांच्याशी धड बोलायला कोणी नसे. सर्जन मंडळी शनिवारी गोल्फला जात. बाबांना 'येऊ नका' असं कोणी म्हटलं नव्हतं, पण 'चला' असंही कोणी म्हटलं नव्हतं. ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. शनिवारी सकाळी मात्र ते बूट पॉलिश करत बसायचे, आणि आमच्या घरातले सगळे बूट, आईचेसुद्धा, आरशासारखे चमकत असायचे.

घर हॉस्पिटलचंच, दगडी, उंच छताचं, आणि त्यात वारा भाडेकरूसारखा राहायचा. दाराला पत्रं टाकायची पितळी झडप होती, ती वारा सुटला की खटखट वाजायची. चुलाण्याच्या धुराड्यातून हूं हूं असा आवाज यायचा. या सगळ्यात कुकरची शिट्टी झाली की मला बरं वाटायचं, कारण तेवढा एकच आवाज आपला असायचा. बाबांना तीन पदार्थ येत: पिठलं, मुगाची खिचडी, आणि अंड्याचं एक काहीतरी, ज्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. बेसन महिन्यातून एकदा ग्लासगोहून आणायचं. पोळ्या माझ्याकडे होत्या. त्या जाड व्हायच्या, नकाशातल्या कुठल्या तरी देशासारख्या व्हायच्या, पण बाबा मुकाट्याने खायचे. फोडणीचा वास लागू नये म्हणून मी शाळेचा ब्लेझर बाहेरच्या पडवीत टांगून ठेवत असे. तसं पाहिलं तर शाळेत माझा वास घ्यायला कोणी जवळ येतच नव्हतं. मुली वाईट नव्हत्या. कोणी छळलं नाही, कोणी टोमणे मारले नाहीत. त्या एकमेकींना फोन करायच्या आणि मला करायच्या नाहीत, इतकंच. माझा मुलगा हे ऐकून म्हणतो, "आई, दॅट्स नॉट बुलिंग." बरोबर आहे त्याचं. त्याला काय म्हणायचं ते मला अजूनही सापडलेलं नाही.

रविवारी सकाळी पुण्याचा फोन यायचा आणि तो झाला की आम्ही डोंगरावर जायचो. बाबा कॉलेजात असताना दर रविवारी मित्रांबरोबर किल्ले चढत असत. त्या टोळीतला प्रत्येक जण त्यांनी मला सांगून सांगून पाठ करून दिला होता. गावाबाहेर पडून पाय चढाला लागले की बाबांना कंठ फुटायचा. "चढताना तोंड बंद ठेवावं, दम जातो," असं बजावायचे आणि मग स्वतः पायथ्यापासून माथ्यापर्यंत बोलत राहायचे. स्कॉटिश डोंगरांची नावं त्यांच्या जिभेवर कधी बसली नाहीत. हा तोरण्याचा धाकटा भाऊ, ही खिंड अगदी आपल्या अमक्या घाटासारखी, हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने चढलो तेव्हा काय झालं ऐक. मी दहादा ऐकलेलं असायचं. पण मी दर वेळी "मग?" असं विचारायची. त्या 'मग'वर माझा पुढचा सगळा आठवडा निघायचा.

शाळेत भूगोल शिकवायला मिसेस रॉस म्हणून बाई होत्या. त्या हिल क्लब चालवायच्या. क्लबला मुलं कमी होती आणि मला शनिवार जात नव्हता, म्हणून आमचं जमलं. बाईंनी आम्हाला बर्फात खड्डा खणायला शिकवलं. उतारावर कमरेइतकं खणायचं, समोरची भिंत साफ करायची आणि थर बघायचे. बर्फ म्हणजे एक पांढरी चादर असं मला तोवर वाटत होतं. पण त्यात जमिनीसारखे थर असतात. एक वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा. एक साखरेसारखा, हातात न टिकणारा. आणि एक वाऱ्याने आणून टाकलेला, खडूसारखा, पाय ठेवला की कुरकुरणारा आणि फरशीसारख्या तुकड्यांनी मोडणारा. त्याला तिथे विंडस्लॅब म्हणतात. वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ खरवडून नेतो आणि पलीकडच्या आडोशाला नेऊन टाकतो. दिसायला तो छान, मऊ, गुळगुळीत दिसतो, पण खालच्या थराशी त्याची ओळख झालेली नसते. "माइंड द क्वाएट प्लेसेस, गर्ल्स," बाई सांगायच्या. जिथे वारा गप्प असेल तिथे जपून.

आता मी दक्षिण इंग्लंडात, रीडिंगला राहते. इथे बर्फाचे चार कण पडले की ट्रेन बंद होतात आणि शेजारचे मीठ शोधत फिरतात. मला हसू येतं, पण मी हसत नाही. बर्फाला हसायचं नाही एवढं मी शिकले आहे.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात बर्फ आधी वितळला होता, मग कडक गोठला होता, आणि त्यावर नैर्ऋत्येचा वारा तीन-चार दिवस नवा बर्फ घेऊन नुसता पिंगा घालत होता. रविवारी मात्र आभाळ निळं निघालं, वारा तेवढा राहिला. सकाळी आईचा फोन आला. आजी तशीच होती, उन्हाळ्यापर्यंत तरी निघता येणार नाही असं ती म्हणाली. मागच्या फोनवर मी मोठ्या फुशारकीने तिला सांगितलं होतं की डोंगराच्या धारेवर वाऱ्याने मला अक्षरशः आडवं केलं. ते तिने मनात धरून ठेवलं होतं. "अहो, त्या पोरीला वाऱ्यात कड्याकपारीवरून नेऊ नका," असं ती बाबांना इतक्या मोठ्याने सांगत होती की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "नाही नेणार," बाबा म्हणाले. "शब्द देतो तुला." मी तूपसाखर लावून पोळ्या गुंडाळत होते. स्टीलच्या डब्यात त्या बसवल्या आणि आम्ही निघालो.

डोंगराच्या मधोमध आलं की वाट फुटते. डावीकडे खडकाळ धार, उजवीकडे दोन कड्यांच्या मधली रुंद घळ. धारेवरून बर्फाची धूळ धुरासारखी उडत होती, आणि आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागावं. घळीत शिरलो तर एकदम शांत. ऊन नाही, पण वाराही नाही. समोर स्वच्छ पांढरा उतार, वर माथ्याला टेकलेला. बाबांचा चेहरा उजळला. "बघ, आहे की नाही अगदी नळीची वाट! इथून वर गेलो की वाऱ्याला नमस्कार."

मी दोन पावलं टाकली आणि पायाखाली ते कुरकुरलं. पावलापासून एक बारीक भेग निघून लांब धावत गेली.

"बाबा, थांबा. हा स्नो बरोबर नाहीये."

"का, काय झालं त्याला?"

मी क्लबातून आणलेल्या बर्फाच्या छोट्या कुऱ्हाडीने घळीच्या काठालाच खणायला लागले. बाबा कौतुकाने बघत उभे राहिले. पाट्याएवढा चौकोन मी तिन्ही बाजूंनी मोकळा केला, मग मागून कापला. हाताने ओढायचीही वेळ आली नाही. वरचा थर आपोआप सुटला आणि खालच्या काचेवरून घसरून माझ्या मांडीवर आला.

"ताटाला तूप लावलंय बाबा," मी म्हटलं. "वरची वडी सुट्टी आहे सगळी."

ते हसले. "वडी सुटते ती सुरीने कापल्यावर, मंजू."

"आपणच सुरी आहोत. आपण चालत गेलो की ती कापली जाणार."

हसू जरा ओसरलं. "मी तुझ्या जन्माआधीपासून डोंगर चढतोय. वारा असला की धार सोडायची, घळ धरायची. हे पहिलं शिकवतात."

"तिकडे. इथे उलटं आहे. वारा इथे येऊन सगळं टाकतो. मिसेस रॉस म्हणतात, क्वाएट असेल तिथेच जायचं नाही."

"आणि धारेवरून तू उडालीस म्हणजे? तुझ्या आईला सकाळीच शब्द दिलाय मी. ती तिकडे आजीला बघेल की तुझी काळजी करत बसेल?"

"मग घरी जाऊ या."

हे त्यांना लागलं. घरी म्हणजे पेपरमागे. मलाही ते कळत होतं, कारण घरी म्हणजे मलाही अभ्यासामागेच जायचं होतं. डोंगरावर मी त्यांना कधीच 'नाही' म्हटलं नव्हतं. माझ्याशी बोलणारं या देशात एकच माणूस होतं आणि तेही आठवड्यातून एकदाच, आणि त्या माणसाला मी त्याच्याच जागी, त्याच्याच विषयात चूक ठरवत होते. तरी मी म्हटलं, "मी येणार नाही, बाबा. तुम्हीही जाऊ नका."

ते रागावले नव्हते. मग अगदी हळू आवाजात, पेशंटला समजवावं तसं म्हणाले, "बरं. तू इथे खडकावर थांब. मी वर जाऊन पायऱ्या पाडतो. मला काही झालं नाही की त्याच पायऱ्यांवरून तू ये. मग तर झालं?" आणि ते निघाले. मी तीनदा हाक मारली. त्यांनी मागे न बघता हात हलवला.

मी खडकाला पाठ लावून उभी राहिले. एकटेपणाची मला सवय होती. शाळेतला वेगळा, घरातला वेगळा, मला त्यांचे प्रकार माहीत होते. पण तो प्रकार नवीन होता. आपण बरोबर आहोत असं वाटत होतं आणि आपण चुकावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. बाबा एकेक पाऊल रोवत वर चालले होते. चढताना ते बोलत होते, काय ते मला ऐकू येत नव्हतं, पण बोलत होते. मी मागे नाही याची त्यांना सवय नव्हती.

आवाज झाला तो मोठा नव्हता. गादी जमिनीवर टाकावी तसं धप्प. बाबांच्या वरच्या बाजूला, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एक रेघ उमटली आणि सगळा उतार एकदम चालायला लागला. त्याचे तुकडे झाले, तुकड्यांची भुकटी झाली. बाबा खाली बसले, जणू दमून बसले, आणि मग दिसेनासे झाले. ते ओरडलेसुद्धा नाहीत. माझ्या पायांशेजारून तो पांढरा लोंढा गेला, खालच्या सपाटीवर पसरला आणि थांबला. त्यानंतरची शांतता मला आजही नको वाटते. घरात पंखा बंद झाला तरी मी दचकते.

बाईंनी शिकवलं होतं, नजर हलवायची नाही, शेवटचं जिथे दिसलं तिथून खाली बघत जायचं. मी तशी गेले. गुडघ्यावर, घसरत, रडत, पण नजर न हलवता. ढिगाऱ्याच्या कडेला एक काळा हातमोजा दिसला आणि त्यातली बोटं हलत होती. मी हातांनी उकरायला लागले तर हात आत जाईना. हलताना पिठासारखा दिसलेला तो बर्फ थांबल्यावर दगड झाला होता. फावडं नव्हतं, कुऱ्हाड वर खडकापाशीच राहिली होती. मी पाठीवरच्या पिशवीतून डबा काढला, पोळ्या फेकल्या आणि डब्याने उकरायला लागले. आधी टोपी लागली, मग कपाळ, मग निळसर पडलेला चेहरा. तोंडात बर्फ कोंबल्यासारखा भरला होता. तो मी बोटांनी काढला. तरी श्वास नव्हता. तेव्हा मला आमचं जेवणाचं टेबल आठवलं. मी दहा-अकरा वर्षांची असताना बाबा माझ्यावर गंमत म्हणून दाखवायचे, झोपलेल्या माणसाची जीभ मागे पडते, मग काय करायचं, हनुवटी अशी वर उचलायची. मी त्यांचं डोकं मागे केलं आणि हनुवटी वर उचलली. त्यांच्याच हातांनी मी त्यांना धरलंय असं वाटत होतं. छातीतून एक घरघर आली, मग खोकला, मग श्वास.

डोळे उघडले तेव्हा त्यांनी मला पाहिलं, पण ओळखलं नाही. मी खांद्यापर्यंत मोकळं केलं, दोन्ही हात सुटे झाले, आणि त्या हातांनी ते समोरचा बर्फ खरवडायला लागले. "मंजू खाली आहे," ते म्हणाले. मग मलाच, जशी मी कोणी परकी वाटसरू होते तसं, इंग्लिशमध्ये, "माय डॉटर इज अंडर धिस. प्लीज. हेल्प मी." मी म्हटलं, "बाबा, मी इथे आहे. मी आलेच नव्हते घळीत." ते ऐकत नव्हते. "माझ्या मागेच होती," असं म्हणत ते खणत राहिले. बोटांची टोकं लाल झाली होती. शेवटी मी त्यांचे दोन्ही हात धरून माझ्या गालांवर ठेवले आणि नुसती 'मी, मी, मी' म्हणत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली. मग ते रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

बरगड्या दुखावल्या होत्या. तेवढ्यावर भागलं. उतरायला दुपार गेली. गाडी मी चालवली, शिकाऊ लायसनवर, सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. हॉस्पिटलात बाबांनी 'दारातल्या बर्फावरून घसरलो' असं सांगितलं आणि पुढच्या रविवारी आईलाही फोनवर तेच सांगितलं. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही आणि त्यांनी मला बोलू नकोस असं सांगितलंही नव्हतं. त्यानंतर रविवारीही ते पेपरमागे गेले. बूट पॉलिश करणं थांबलं. किल्ले थांबले, ती मित्रांची टोळी थांबली. मी एकदा स्वतःहून विचारलं, "नळीच्या वाटेला तुमचा दोर तुटला होता, मग?" तर म्हणाले, "तुला माहीतच आहे सगळं." मी बाबांना उकरून बाहेर काढलं होतं, आणि ज्या माणसाची मी वाट बघायची तो मात्र मला कुठे सापडत नव्हता. मला त्यांचा फार राग आला होता. तुम्ही वाचलात ना, मग बोला की माझ्याशी, असं ओरडावंसं वाटायचं.

मार्चमध्ये मी ठरवलं की आपण एकटीने जायचं. आदल्या संध्याकाळी सांगितलं, "उद्या बसने जाते, धारेने चढणार आहे." बाबा म्हणाले, "बरं." जाऊ नको म्हणाले नाहीत, कशी जाणार हे विचारलं नाही. मी चिडूनच निघाले. मोठमोठ्याने दारं लावली. धारेवर वारा होताच, दोनदा बसावं लागलं, पण माथ्यावर पोहोचले. वर कोणी नव्हतं. मी तूपसाखरेची पोळी खाल्ली. 'मग?' म्हणायला कोणी नव्हतं आणि सांगायलाही कोणी नव्हतं, म्हणून लगेच उतरले.

खाली रस्त्याला लागले तेव्हा कडेच्या मोकळ्या जागेत आमच्यासारखी एक निळी गाडी उभी दिसली. जवळ गेले तर आमचीच होती. काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या, फक्त डोंगराच्या बाजूच्या काचेवर हाताने पुसलेला एक गोल होता. मी टकटक केलं. बाबांनी काच खाली केली.

"तुम्ही इथे कुठे?"

"हॉस्पिटलकडे चाललो होतो," ते म्हणाले.

हॉस्पिटल उलट्या दिशेला होतं, आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यांच्या पायांत डोंगरावरचे बूट होते आणि नाड्या वरपर्यंत घट्ट बांधलेल्या होत्या. मागच्या सीटवर एक नवंकोरं फावडं आडवं पडलं होतं, दुकानाचं लेबल अजून काढलेलं नव्हतं. मी फावडं जरा सरकवलं, पिशवी ठेवली आणि पुढे येऊन त्यांच्या शेजारी बसले. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन इतकं गार पडलं होतं की कितीतरी वेळा फिरवल्यावर कुठे ते सुरू झालं.